गावाला चाललात? मग मांजराचे काय?



तुळशीची लग्ने लागली की आपल्या खेड, मावळ, हवेलीकडच्या घरांना कुलपे दिसू लागतात. कार्तिक वद्य एकादशीला आळंदी, मग मार्गशीर्षात चंपाषष्ठीला कोणी जेजुरीला तर कोणी निमगावच्या खंडोबाला, आणि मधल्या प्रत्येक मुहूर्ताला कोणाचे ना कोणाचे लग्न. खरिपाचे धान्य घरात आलेले, रब्बीच्या कांद्याची लागण अजून उरकायची. त्या मधल्या फटीत माणसे चार दिवस बाहेर पडतात. पडावेच. जनावरांची सोय मात्र आपण विसरत नाही. गाईच्या धारा कोण काढणार, बैलांना वैरण कोण टाकणार, हे आठ दिवस आधी ठरते. मांजराचे नाव त्या यादीत नसते.

परवा चाकणच्या पुढे एका वाडीत हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल बैठक होती. बैठक संपली, चहा झाला आणि एक काकू उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "साहेब, आम्ही सिन्नरला पुतणीच्या लग्नाला चाललोय, तिथून त्र्यंबकेश्वर करून येणार. सहा दिवस. म्हशीला जाऊबाई बघतील. आमच्या मनीचं काय करावं?" बैठकीतले चार-दोन जण हसले. एकाने तर, "मांजराला काय होतंय, ते आपलं आपण बघतं," असा निकालही देऊन टाकला.

मी हसलो नाही. त्याचे कारण पुढे सांगतो. कृषी पदवीच्या चार वर्षांत आम्हाला उंदराच्या जाती, त्याची बिळे, त्याचे दात सगळे शिकवले. मांजरावर एक ओळ शिकवल्याचे आठवत नाही. मी जनावरांचा डॉक्टरही नव्हे. जे सांगतो आहे ते पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून, थोडे वाचून आणि बरेचसे स्वतःच्या चुकीतून शिकलेले आहे.

आधी एक हिशेब. मोठा उंदीर दिवसाला 25 ते 30 ग्रॅम धान्य खातो आणि खातो त्याहून जास्त लेंड्या-मुताने नासवतो. लहान चिचुंद्रीएवढ्या घरउंदराची मादी जेमतेम तीन आठवड्यांत पिले देते. कणगीत, पोत्यांच्या थप्पीत, गोठ्यातल्या पेंडीच्या गोणीत जे मांजर रात्रभर फिरते ते पगार घेत नाही. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले आहे. म्हणजे माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली त्याच सुमारास हा गडी कामाला लागला. तेव्हा "मांजराला काय होतंय" म्हणणाऱ्याने निदान आपल्या कणगीकडे बघून बोलावे.

मांजराला थंडी वाजते का? वाजते, आणि आपल्यापेक्षा जास्त वाजते. त्याच्या अंगाची उष्णता 38 ते 39 अंश असते, आणि भोवतालची हवा 30 अंशांच्या पुढे असली तर त्याला ऊब टिकवायला वेगळे कष्ट पडत नाहीत. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा 10 अंशांच्या आसपास, एखाद्या रात्री त्याच्याही खाली उतरतो. इंद्रायणी-भामेच्या काठच्या शिवारात, उसाच्या आणि पाटाच्या कडेला तर गारठा अधिकच. इतक्या गारठ्यात मांजर मरत नाही, पण ऊब धरण्यासाठी त्याला जास्त खावे लागते आणि ऊब शोधत फिरावे लागते.

पूर्वी हा शोध घरातच संपत असे. रात्रीची चूल विझली की राखेत पहाटेपर्यंत ऊब राही आणि मांजर थेट वैलावर जाऊन झोपे. सकाळी सासूबाई त्याला हुसकत, त्याच्या अंगाची राख घरभर होई, शिव्या होत, आणि रात्री पुन्हा तेच. आता बहुतेक घरांत गॅस आला. बायकांचे डोळे वाचले, फार चांगले झाले. पण मांजराचा हिवाळ्याचा बिछाना गेला हे कोणाच्या ध्यानात आले नाही. घरात माणसे असतात तोवर ते गोधडीत शिरते, म्हातारीच्या पायाशी झोपते. घराला कुलूप लागले की गोधड्याही पेटीत आणि म्हातारीही लग्नाला. मग ते ऊब कुठे शोधते? मोटारीच्या बॉनेटखाली.

आपल्या भागात ही गोष्ट फार बघायला मिळते. पूर्वी अख्ख्या गावात एखादा ट्रॅक्टर असे. आता चाकणच्या कारखान्यांमुळे दारोदारी दुचाकी आणि चारचाकी, शेतकऱ्याचा पिकअप टेंपो वेगळाच. रात्री दहाला गाडी आली की इंजिन दोन-तीन तास गरम असते. मांजर खालून वर चढते आणि पट्ट्याजवळच्या खोबणीत अंग मुडपून झोपते. पहाटेच्या पाळीला जाणारा मुलगा घाईत चावी फिरवतो. पुढचे लिहीत नाही. तुम्ही स्वतः गावाला गेला असाल तर तुमचे बेघर मांजर शेजाऱ्याच्या गाडीत झोपणार हे धरून चाला आणि त्याला सांगून जा, की सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर हाताने दोन जोरदार थापा मार, हॉर्न वाज आणि क्षणभर थांब. एका पिकअपच्या पोटात बसून एक बोका कांद्याच्या गोण्यांबरोबर चाकणच्या बाजारात पोहोचल्याचे मी पाहिले आहे. जिवंत होता, पण गर्दी बघून जो उधळला तो पुन्हा मालकाला दिसला नाही.

आता माझी चूक सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी, नोकरीत नवा असताना, आम्ही राजगुरुनगरजवळ भाड्याच्या घरात राहत होतो. घरात एक तपकिरी मांजरी होती. पौष संपता संपता आम्हाला गावाकडे दहा दिवस जावे लागले. वडील आजारी होते. मांजरीला उपाशी ठेवायचे नाही म्हणून मी मोठ्या शहाणपणाने तिला पोत्यात घातले आणि महामार्गापलीकडे चार मैलांवर एका स्नेह्यांच्या मळ्यात नेऊन सोडले. मळा छान, दूधदुभते भरपूर, माणसे मायाळू. मला वाटले, तिची चैन आहे. पहिल्या रात्रीच ती तिथून निघून गेली. स्नेह्यांनी दोन दिवस शोधले. आम्ही परत आलो तेव्हा ती घरी आलेली नव्हती. पुणे-नाशिक रस्ता तेव्हा आजच्याइतका वाहता नव्हता, पण मांजराला पुरेसा होता. तिचे काय झाले ते आजतागायत ठाऊक नाही. आमच्या घरात महिनाभर रात्री दारात वाटी ठेवली जात होती. ती कोण ठेवते हे मी विचारले नाही आणि मला कोणी सांगितलेही नाही.

कुत्रा माणसाला धरून असतो आणि मांजर घराला धरून असते, हे आपल्या आजीला ठाऊक होते. पदवी घेतलेल्या मला ठाऊक नव्हते. म्हणून काकूंना मी पहिली गोष्ट हीच सांगितली: मनीला कुठेही नेऊ नका. मनी घरीच राहील, माणूस तिच्याकडे येईल. सकाळ-संध्याकाळ येणारे एक ओळखीचे माणूस ठरवा. एका दिवसापेक्षा जास्त काळ मांजराला कोणी पाहिलेच नाही असे होऊ देऊ नका. आणि ठरवलेल्या माणसाला तुम्ही निघण्याआधी दोन दिवस घरी बोलवा, त्याच्या हातून मांजराला खाऊ घाला. मांजर अनोळखी हाताचे पहिले दोन दिवस खातच नाही, आणि तुमच्या सहा दिवसांतले दोन दिवस असेच गेले तर ते परवडत नाही. धडधाकट, विशेषतः लठ्ठ मांजर तीन-चार दिवस काहीच न खाता राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साचून ते दगावू शकते. माणसाचा उपास मांजराला मानवत नाही.

आता बिछाना. फळांचे लाकडी खोके किंवा टोमॅटोचे जुने प्लॅस्टिक क्रेट घ्या. दीड फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच पुरे. मोठे खोके घेऊ नका. मांजर स्वतःच्या अंगाच्या उबेने जागा गरम करते. जागा मोठी तर ऊब हरवते. क्रेट असेल तर चारही बाजूंनी गोणपाट शिवून घ्या, वर झाकण म्हणून दुसरे गोणपाट दुमडून टाका. तोंड सहा इंचांचे ठेवा. खाली दोन विटा देऊन ते जमिनीपासून वर उचला, कारण शहाबादी फरशी आणि सारवलेली जमीन दोन्ही पहाटे अंगातली ऊब ओढून घेतात. खोके पडवीत असेल तर तोंड दक्षिणेला करा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, दिवसभर ऊन आत जाते आणि रात्रीचा उत्तरेकडचा वारा पाठीवर राहतो.

आत काय घालायचे? खोके घरात असेल तर जुनी गोधडी किंवा तुमचा वापरलेला, न धुतलेला सदरा. न धुतलेला यासाठी, की मांजर तुमच्या वासाला धरून शांत झोपते. पडवीत किंवा गोठ्यात असेल तर कापड घालू नका. दवाने कापड ओलसर होते आणि ओले कापड गारठ्याहून वाईट. तिथे भाताचा कोरडा पेंढा घाला. मावळात आणि खेडच्या पश्चिमेला तो घरोघर आहे, आमच्या पूर्वेकडच्या लोकांनी एक पेंढी मागून आणावी. त्यात मांजर शिरते, पेंढा त्याच्या अंगाभोवती बसतो आणि हवा अडते. एक सावधगिरी: पेटीतली गोधडी काढून सरळ आत घालू नका. तिला डांबरगोळ्यांचा वास असतो आणि डांबरगोळी मांजराला विष आहे. दोन दिवस उन्हात टाकून वास गेला की मग वापरा.

काही जण हौसेने आत विजेचा दिवा लावून जातात, कोंबडीच्या पिलांना लावतो तसा. पिलांच्या शेडवर माणूस असतो, तुमच्या बंद घरात कोणी नाही. दिवा पेंढ्यावर पडला तर मांजरासकट घर जाईल. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवायचा विचारही करू नका. तिच्या धुरात वास न येणारा विषारी वायू असतो आणि तो माणसालाही सोडत नाही. पेंढा आणि गोणपाट एवढ्यावर आपल्याकडची थंडी सहज निभते.

खाण्याच्या बाबतीत आपल्या सगळ्यांचा समज चुकीचा आहे. मांजर म्हणजे दूध-चपाती, हे आपण पुस्तकातल्या चित्रापासून शिकलो. पण मांजर अस्सल मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा एक घटक त्याला मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळे अधू होतात आणि हृदयाचे स्नायू ढिले पडतात. ही हृदयाची गोष्ट 1987 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिली, तेव्हापासून तिकडच्या तयार खाद्यात तो घटक वाढवला गेला. मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध नीट पचतही नाही, जुलाब होतात. आवडते म्हणून थोडे द्या, पण दूध म्हणजे जेवण नव्हे आणि पाणीही नव्हे.

मग इतकी वर्षे दूध-चपातीवर आपली मांजरे जगली कशी? त्याचे उत्तर सोपे आहे. ती दूध-चपातीवर जगलीच नाहीत, उंदरांवर जगली. आपल्या आळंदी-देहूच्या परिसरात माळकऱ्यांची घरे पुष्कळ. घरात मासळी येत नाही, अंडे येत नाही आणि तरीही मांजर तुकतुकीत असते, कारण ते आपला स्वयंपाक रात्री कणगीमागे स्वतः उरकते. आता असे मांजर कुलूपबंद खोलीत दूध-चपाती ठेवून सहा दिवस कोंडले तर ते अर्धपोटी राहणार. माळकरी घरांना माझे सांगणे एवढेच: त्याला दिवसा मोकळे सोडण्याची व्यवस्था करा. मागच्या दाराची फट, पडवीची खिडकी, जे असेल ते. शेजारी मांसाहारी असतील तर त्यांच्या घरी त्याची पंगत ठरवा. पाकिटातला तयार खाऊ मिळतो, पण त्यातही मासळी-कोंबडी असते. तो घरात आणायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.

ज्यांच्या घरी चालते त्यांनी सुकट किंवा सुका बोंबील आधी दोनदा धुऊन मीठ काढावे, मग नुसत्या पाण्यात उकडून भातात कालवून द्यावे. उकडलेले अंडे चांगले. कोंबडी दिली तर हाडे काढून. शिजलेल्या हाडाच्या फाका होतात आणि त्या घशात, आतड्यात टोचतात. तयार खाऊ असेल तर साडेतीन किलोच्या मांजराला दिवसाला 50 ते 60 ग्रॅम पुरतो, थंडीत चार दाणे जास्त. सहा दिवसांचे एकदम ओतून जाऊ नका. पहिल्या रात्री मुंग्या, दुसऱ्या रात्री घुशी आणि तिसऱ्या दिवसापासून मांजराला काही नाही. मोजून पुड्या बांधा, प्रत्येकीवर वार लिहा आणि शेजाऱ्याच्या हातात द्या.

आणि कांदा! चाकणच्या कांद्याचा आपल्याला अभिमान आहे, मलाही आहे, पण मांजराला कांदा विष आहे. कच्चा, शिजवलेला, रश्शातला, भजीतला, कोणताही. लसूणही तसाच. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मांजर सुस्त होते, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी लालसर-तपकिरी होते. आपण काय करतो? शेजारीण प्रेमाने काल उरलेला बोंबलाचा रस्सा आणून ओतते. त्यात कांदा, लसूण, तिखट, मीठ सगळे असते. तिचा हेतू चांगला, म्हणून तिला आधीच सांगून ठेवायचे.

पाणी दोन ठिकाणी ठेवा, जड पसरट भांड्यात, खाण्यापासून जरा लांब. साडेतीन किलोच्या मांजराला खाण्यातल्या पाण्यासकट दिवसाला वाटी-दीड वाटी पाणी लागते. थंडीत ते कमी पिते, कोरडे खाणे असेल तर लघवी दाट होते आणि बोक्याच्या मूत्रमार्गात खडे अडकतात. बोका पुन्हा पुन्हा बसतो आहे, कुंथतो आहे आणि थेंब येत नाही, असे दिसले तर उद्यापर्यंत थांबायचे नाही. त्याच दिवशी डॉक्टर. हे शेजाऱ्याला सांगून जा, कारण अशा बोक्याला एक-दोन दिवसांत मरण येते आणि लोकांना वाटते की त्याला बद्धकोष्ठ झाले आहे.

आता ज्या विषयासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतले तो. घर बंद करून जाताना पुष्कळ घरांत उंदराचे औषध टाकून जातात. "आपण नाही, पोरेबाळे नाहीत, चांगला मोका आहे." हा मोका मांजराच्या जिवावर येतो. काळपट झिंक फॉस्फाईड पिठात आणि तेलात कालवून ठेवतात ते पोटात गेले की तिथल्या आम्लाने विषारी वायू तयार होतो. त्यावर उतारा नाही. मेलेल्या उंदराच्या पोटात ते शिल्लक असते आणि तो उंदीर मांजराने खाल्ला की मांजराचाही नंबर. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या वेगळ्या. त्यांनी उंदीर तीन-चार दिवसांनी, कधी आठवड्याने, आत रक्तस्राव होऊन मरतो. तोपर्यंत तो सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि मांजराला सोपी शिकार मिळते. असे चार उंदीर खाल्ले की मांजराच्या नाकातोंडातून रक्त येऊ लागते. याला जीवनसत्त्व के-1 चे इंजेक्शन हा उतारा आहे, पण तो वेळेवर. तुम्ही सिन्नरला, कुलूप दाराला. वेळेवर कोण बघणार?

झिंक फॉस्फाईडची प्रात्यक्षिके मी स्वतः किती गावांत दिली याची मोजदाद नाही. शेवटी मांजर-कुत्र्याबद्दल एक वाक्य मी बोलत असे. पण तोवर लोक उठून चपला शोधत असत आणि मीही घाईतच असे. ते वाक्य सुरुवातीलाच बोलायला हवे होते, असे आता वाटते. घरात मांजर असेल तर घरात विष नको. पिंजरा लावा, बिळे काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवा, धान्याला पत्र्याची कोठी करा. शेतात औषध टाकावेच लागले तर बिळात आत घालून तोंड बंद करा आणि मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा.

त्याहून भयंकर म्हणजे धान्यात ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या टाकून घर बंद करून जाणे. या गोळ्या प्रशिक्षित माणसांनीच हाताळायच्या आहेत, राहत्या घरात तर मुळीच नाहीत. तरी त्या कुठून तरी मिळतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून तोच वायू निघतो आणि बंद घरात कोंडलेले मांजर पहिल्याच रात्री जाते. पलीकडच्या खोलीत भाडेकरू झोपलेला असेल तर त्याचाही जीव धोक्यात. आपल्या भागात भिंतीला भिंत लावून भाड्याच्या खोल्या किती आहेत ते मी सांगायला नको.

दोन औषधे शेजाऱ्याने चुकूनही देऊ नयेत. ताप-सर्दीची पॅरासिटामॉलची गोळी: माणसाची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. आणि कुत्र्याच्या गोचिडांवरची पर्मेथ्रिनची औषधे: कुत्र्याला चालतात, मांजराला झटके येतात.

रात्री मांजर बाहेर ठेवायचे की आत? मळ्यात राहणाऱ्यांसाठी माझे उत्तर स्पष्ट आहे: आत. खेड, आंबेगाव, जुन्नरच्या उसात बिबट्या आता पाहुणा राहिलेला नाही. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला तेव्हा त्यांच्या खाण्यात पाळीव कुत्र्यांच्या खालोखाल मांजरेच निघाली. घरात माणसांचा वावर आणि दिवा असला की तो जरा बिचकतो. कुलूप लागलेल्या अंधाऱ्या घराच्या पडवीत बिचकत नाही. तेव्हा संध्याकाळी शेजाऱ्याने खाऊ घालून मांजराला खोलीत घ्यावे, सकाळी सोडावे. रात्रीसाठी एका कोपऱ्यात घमेल्यात चार बोटे वाळू, भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा ठेवला की भागते. रोज सकाळी वरचे उचलून टाकावे. शेजाऱ्याला एवढ्यासाठी किळस येत असेल तर दुसरा शेजारी शोधा.

भोसरी, चिखली, मोशीकडे मुलाच्या सदनिकेत राहणाऱ्या वाचकांचे थोडे वेगळे. तिथे मांजर दिवसरात्र आतच. खिडकीला आणि गॅलरीला जाळी नसेल तर ती आधी लावा. पाचव्या मजल्याच्या कठड्यावर कबुतराच्या मागे झेपावणारे मांजर चार पायांवर उतरते ही समजूत खरी मानून चालू नका. न्हाणीघराचे दार उघडे राहील असे दगड लावून अडकवा, नाहीतर वाऱ्याने दार लागते आणि मांजर दोन दिवस आत अडकते. भरलेली उघडी बादली ठेवू नका. उन्हाचा तुकडा ज्या खोलीत पडतो तिचा पडदा सरकवून जा. दुपारी ते तिथेच सापडेल.

किल्ली घेणाऱ्याकडे पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता आणि दोन-पाचशे रुपये देऊन ठेवा. "तुम्हीच खर्च करा, आल्यावर देतो," असे म्हटले की माणूस डॉक्टरकडे जायला कचरतो. हा गरिबी-श्रीमंतीचा प्रश्न नाही, संकोचाचा आहे. मांजराला रेबीजची लस दरवर्षी द्या. खाऊ घालायला बहुधा शेजारचे पोरच येते आणि पोर मांजराला छेडते. नख लागले, दात लागला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे. हळद भरून घरी बसायचे नाही.

बैठकीत एका तरुणाने विचारले, "सरळ सोडून दिले तर काय बिघडते?" त्याला मी सांगितले की 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात पाळलेल्या जनावराला पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे आणि त्याला उपासमारीत टाकून सोडून देणे हे दोन्ही गुन्हे आहेत. तो म्हणाला, मांजरासाठी कोण पोलिसात जातो? खरे आहे, कोणी जात नाही. त्याच्या आजी शेजारीच बसल्या होत्या. त्या एवढेच बोलल्या, "मांजर मारल्याचं पाप फेडायला सोन्याचं मांजर काशीला वाहावं लागतं. सोन्याचा भाव काय चाललाय, ठाऊक आहे ना रे तुला?" यावर मात्र सगळी बैठक हसली.

परत आल्यावर मांजर धावत येईल अशी अपेक्षा धरू नका. पुष्कळ मांजरे पाठ फिरवून बसतात. पहिल्या दिवशी मांजराच्या मागे लागून त्याला उचलू नका. आधी घमेले बघा, भांडे बघा, हिरड्या गुलाबी आहेत का ते बघा. उपाशी दिसले तर एकदम ताट भरू नका, दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्या. दुसऱ्या दिवशीही तोंड लावत नसेल तर दवाखाना.

काकूंचा निरोप आला आहे. जाऊबाईंच्या धाकट्या मुलीने सकाळ-संध्याकाळ मनीचे बघितले, पुड्यांवर वार लिहिले होते ते तिला फार आवडले. टोमॅटोच्या क्रेटमध्ये मनी पहिल्या दोन रात्री गेलीच नाही, बाजूला बसून राहिली. तिसऱ्या रात्री मुलीने आत काकूंचे जुने लुगडे घातले तेव्हा गेली. आता काकू परत आल्या आहेत तरी ती क्रेटमधून उठत नाही, आणि टोमॅटो भरायला क्रेट हवे आहे, ते कसे सोडवायचे असे त्यांनी विचारले आहे. मी त्यांना दुसरे क्रेट आणायला सांगितले आहे.